घेऊन जा

वेडेलिया.
हे नाव फार पुढे कळलं, नर्सरीवाल्याकडून.
तोवर आम्ही तिला कोराडीची वेल म्हणायचो,
कारण कोराडीच्या क्वार्टरमधून,
सुनंदा हेडाऊच्या कुंपणातून,
आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात, ओल्या रुमालाखाली
चार कांड्या मीच आणल्या होत्या.
बसमध्ये डबा मांडीवर.
कंडक्टरने विचारलं, मासे का?

पाणी नको, खत नको.
मे महिन्यात आमच्या काळ्या मातीला
पाऊल अडकेल अशा भेगा पडल्या
की ही त्यांच्यावरून पूल टाकायची
आणि पलीकडे जाऊन
एक पिवळं फूल काढून दाखवायची.
मला कौतुक.
येईल त्याला म्हणायची, न्या ना,
हात लावाल तिथे लागते.

लागली.

पहिल्या वर्षी अबोली गेली.
दुसऱ्या वर्षी गवती चहा.
दुर्वा कधी गेल्या ते कळलंच नाही.
गणपतीच्या सकाळी परडी घेऊन वाकले,
तर खाली सगळी तिचीच पानं,
तकतकीत, एकाला झाकून दुसरं,
मधे बोट घालायला जागा नाही.
दहा रुपयांची जुडी आणली चौकातून.
देवाला काय कळतं, म्हणाले हे.
मला कळत होतं.

म्हणून यंदा, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी,
पाऊस दोन दिवस पडून थांबलेला, माती सैल,
मायाबाई उईके आल्या.
मी कुदळ पुढे केली. त्या हसल्या.
"कुदळीनं तुकडे होतेत बाई. एकाचे धा.
हिचं मूळ कुठं शोधता?
जिथं गाठ, तिथं मूळ.
गाठ गाठ धरून काढा लागते."

उकिडवं बसायचं.
एका हाताने जमीन दाबायची, दुसऱ्याने ओढायचं,
स्वेटर उसवतात तसं,
टरटर, टर,
आणि थांबायचं,
कारण पुढची गाठ धरून बसलेली.
तिच्याशी जबरदस्ती केली की तुटते
आणि तुटली की जिंकते.

मायाबाईंचा मोबाइल पायरीवर उभा.
त्यात इतवारीतली गर्दी,
पिवळी मारबत डोलत निघालेली.
ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!
इकडे मायाबाई ओढता ओढता:
गुडघेदुखी घेऊन जा गे मारबत,
जावयाची दारू घेऊन जा गे मारबत,
ही पिवळी तुझीच बहीण, हिलेही घेऊन जा!

बाराच्या सुमारास पाण्याचं मीटर सापडलं.
तीन वर्षं सरासरीचं बिल भरत होतो.
पदराने काच पुसली.
आत आकडे सरकत होते,
कुणी वाचत नसताना, इमानाने.
मग एक चमचा. मग एक बेडूक,
छप्पर उडालेल्या घरमालकासारखा
माझ्याकडे बघत राहिला.

सात पोती.
कचरागाडीला द्यायची नाहीत,
भांडेवाडीत जाऊन रुजेल.
गच्चीवर पसरली, चप्पल घालून उलटीपालटी केली.
अंगण उघडं, ओलं, काळं,
हजामत केलेल्या डोक्यासारखं थोडं केविलवाणं.
आणि रात्री झोपेऐवजी मोजणी:
ढोमणेंकडे दिली. पोस्टातल्या वैद्यबाईंना.
लेकीच्या सोसायटीत, वर्ध्याला, अख्खी पिशवी.
बालवाडीच्या दारात तर मीच लावून आले,
फोटोही काढला.
हातांना अजून हिरवा वास.

तिसऱ्या दिवशी ढोमणेंकडे गेले,
दुर्वांचं निमित्त करून.
खरं तर सांगायला.
फाटकापासून पायरीपर्यंत तीच.
नवी सून बाहेर आली, प्राजक्ता,
साताठ महिन्यांची, घामाघूम, हसरी.
"दुर्वा तर नाही उरल्या काकू.
काऊन की काय, यंदा आल्याच नाही."
आणि मी तोंड उघडायच्या आत
वाकली, एवढं पोट सांभाळत वाकली,
चार कांड्या मोडल्या, ओल्या कागदात गुंडाळल्या.
"ही घेऊन जा ना.
हात लावाल तिथे लागते."

घेतली.
दुसरं काय करणार होते?
घरापर्यंत मुठीत धरून आणली,
चिखल चुकवत,
हात छातीपाशी,
कुठे टेकू न देता.